बारा फूट

जलतरण तलावाच्या खोल बाजूला, कठड्यावर पायाची बोटं रोवून काकू उभ्या होत्या. त्यांच्या आधीची सातही पोरं परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि टॉवेल गुंडाळून पायरीवर बसली होती. त्यातलं सगळ्यात मोठं पोर दहा वर्षांचं. काकूंचं सत्तेचाळिसावं चालू होतं. बारा फूट खाली जायचं, तळाशी टाकलेलं रबरी कडं उचलायचं आणि वर यायचं, एवढीच परीक्षा.

"काकू उतरल्या की पाणी बाहेर सांडणार बघा," त्यातली एक आगाऊ पोरगी म्हणाली.

"सांडू दे. तुलाच पुसायला लावते."

पोरं खिदळली. काकूही हसल्या.

काकू इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दोनशे रोग्यांचा स्वयंपाक करत. कढत पातेली एकटीनं उतरवून दंड चांगले घट्ट झालेले. तरी पहिला महिनाभर पाण्यात नुसतं तोंड बुडवायचं म्हटलं की हातपाय गळायचे. पण एकही दिवस चुकवला नाही. सकाळची पाळी संपली की तशाच तलावावर यायच्या आणि ओल्या केसांनी घरी जायच्या. कोणी विचारलंच तर "शिकतेय" म्हणायच्या, पुढे काही नाही.

"वहिनी!"

काकूंनी मागे पाहिलं. धाकटी नणंद आली होती. भिंतीला पाठ लावून, पाण्यापासून जितकं लांब राहता येईल तितकी लांब उभी होती. खांद्यावरची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

"घरी चला वहिनी. दादा म्हणाला, आज तुम्ही खोल पाण्यात उतरणार. पुरे झालं आता."

"मग तुझा दादा का नाही आला?"

"त्याला बघवत नाही. मला तरी कुठे बघवतंय?" तिचा आवाज चिरकला. "लोक काय काय बोलतात. पोरगी पाण्यात गेली आणि आई पाण्यात खेळते म्हणतात."



त्या गोष्टीला चौदा महिने झाले होते. काकूंची अकरा वर्षांची लेक याच आत्याबरोबर सहलीला गेली आणि जुन्या दगडखाणीच्या तळ्यात पाय घसरून पडली. आत्याला पोहता येत नव्हतं. काठावर पालथी पडून ती हात लांब करत राहिली, घसा फुटेस्तोवर ओरडत राहिली. माणसं धावत आली तोवर सगळं संपलं होतं. त्या दिवसाबद्दल काकूंनी नणंदेला कधी एका शब्दानं विचारलं नाही आणि नणंदेनं कधी आपणहून सांगितलं नाही; जे कळलं ते धावत आलेल्या माणसांकडूनच.

"आता शिकून काय उपयोग, वहिनी? ती परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग कशासाठी हे?"

काकूंनी पाण्याकडे पाहिलं. "डोळे मिटले की ती मला खाली दिसते. काळ्याकुट्ट अंधारात, एकटी. रोज. मला एकदा खाली जाऊन बघायचंय."

प्रशिक्षक बाईंनी तोंडाशी नेलेली शिट्टी खाली घेतली. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "काकू, आज राहू द्या. पुढच्या आठवड्यात घेऊ आपण."

"नाही बाई. वाजवा शिट्टी."

शिट्टी वाजली. काकूंनी छाती भरून श्वास घेतला आणि उडी मारली.

पाणी डोक्यावर मिटलं. पाच-सहा फुटांवर कान ठणकायला लागले, छाती आवळली. सगळं अंग वर चल म्हणत होतं. काकू पाय मारत खालीच गेल्या. गार फरशी हाताला लागली, मग कडं लागलं. ते त्यांनी मनगटात अडकवलं. वर यायला हरकत नव्हती. पण त्या तळाशी थांबल्या आणि त्यांनी मान वर केली.

किती वेळ गेला, त्यांना कळलं नाही. वर बाईंनी सेकंद मोजायचे सोडून उडी मारायचा पवित्रा घेतला होता.

काकू भसकन वर आल्या. तोंडानं श्वास ओढत, खोकत त्यांनी काठाकडे हात मारला, तर कठड्याऐवजी कोणाचातरी पंजा हाताला लागला. नणंद भिंत सोडून धावली होती. ओल्या फरशीवर पालथी पडून तिनं हात लांब केला होता. पिशवी कुठेतरी पडली होती, बाही कोपरापर्यंत भिजली होती, आणि ती हमसून हमसून रडत होती.

"अगं, खाली अंधार नसतो," काकू म्हणाल्या. दम लागल्यानं शब्द तुटत होते. "उजेड असतो. हिरवा. काठसुद्धा दिसतो."

नणंदेनं दुसऱ्या हातानं डोळे पुसले.

"तू धावलीस ते दिसलं मला. पालथी पडलीस, हात पुढे केलास, तेही दिसलं." काकूंनी तिची बोटं घट्ट धरली. "तिलाही दिसली असशील तू."

 

 नणंद तशीच पालथी, आणखी थोडी पुढे सरकली आणि तिनं दुसराही हात पाण्यात घातला.