तारेने जोडलेला ब्रश

सकाळी साडेनऊ वाजता पक्षी उपचार केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी एका समुद्रपक्ष्याच्या पोटातून दात घासायचा ब्रश काढला. पक्षी जिवंत होता.

ब्रश खाऱ्या पाण्याने पांढुरका पडला होता. मोडलेल्या दांड्याला तांब्याची तार वेडीवाकडी गुंडाळलेली होती.

"बाई, ही तर माझीच कारागिरी," मदतनीस काका म्हणाले.

पक्ष्यांच्या पिसांवरचं तेल घासून काढायला केंद्रात ठेवलेला दातांचाच ब्रश त्यांनी कालच असा जोडला होता. तो बेसिनवरच्या पेल्यात होता, हिरवागार आणि अजून ओला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. तारेची गाठसुद्धा तीच होती.

"यातला एक टाकून देऊ का?"

"नको हो काका! समुद्रात पोचला म्हणजे?" बाई हसल्या. पण हिरवा ब्रश त्यांनी कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

दुपारी पक्षी उभा राहिला, एक मासाही त्याने गिळला.

"वाचला गडी," काका म्हणाले.

संध्याकाळी तो पुन्हा मलूल झाला. एक्स-रे काढला, तर पोटात तारेचे वेढे स्पष्ट दिसले. गाठही दिसली.

पांढुरका ब्रश ट्रेमध्येच आहे. कपाटाची किल्ली बाईंच्या खिशात आहे. कुलूप अजून कोणी उघडलेलं नाही.