आठवं पत्र

"साखरपुड्याच्या जेवणात जो टेबलावरच्या फुलाच्या पाकळ्या मोजत बसतो, त्याच्याशी लग्न करू नकोस पोरी," असं आत्या म्हणाली होती. लिओनोरे हसली होती. पाकळ्याच तर मोजतो, पत्ते तर नाही कुटत.

आता तोच डेटलेफ, तिचा नवरा, झाडं गोळा करणाऱ्या मोहिमेच्या जहाजावर होता, आणि त्यानं आफ्रिकेच्या टोकाच्या केपहून पाठवलेली वनस्पतींची पेटी रोस्टॉकच्या विद्यापीठाच्या बागेत तिच्यासमोर उघडी पडली होती. नमुने झटकून नव्या कागदांवर चिकटवायचं काम प्राध्यापकांनी तिलाच दिलं होतं. दीड वर्षाची ओटिली मांडीवर होती. पेटीतलं काही तोंडात जाऊ नये म्हणून लिओनोरेनं तिचे दोन्ही हात एका मुठीत धरले होते.

"लोकांचे नवरे परदेशातून रेशीम धाडतात," म्हातारा माळी राइन्के पेटीचे खिळे गोळा करत म्हणाला. "तुमच्यानं गवत धाडलंय."

"गवत नाही ते, राइन्केकाका. त्याला लॅटिन नाव आहे."

"मग गाईला लॅटिन शिकवायला हवं."

तिनं हसतच पहिली फांदी उचलली. खाली तिचंच अक्षर होतं.

तिचं पहिलं पत्र. पानांचा रस ओळींवर उतरून तपकिरी झाला होता. पुढच्या फांदीखाली दुसरं. झाडं दाबून वाळवायचा टिपकागद संपला असणार, आणि तिचा कागद स्वस्तातला, खरबरीत, ओल चटकन पिणारा. सात पत्रं निघाली. लाखेची मोहोर सगळ्यांची फोडलेली होती. वाचली तरी होती.

तिनं आठ पाठवली होती.

आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. म्हणून या वेळी मूल हातात येईपर्यंत त्याला कळवायचंच नाही, असं तिनं ठरवलं होतं. सात पत्रांत गळकं छप्पर आणि आत्याचा खोकला. आठव्यात ओटिली.

"ओटिली झाल्याचं पत्र यात नाही, काका," ती म्हणाली.

"ते त्यांनी जपून ठेवलं असेल," राइन्के म्हणाला.

"ते मी पाद्रीबाबांकडून मागून आणलेल्या चकचकीत कागदावर लिहिलं होतं. एवढी मोठी बातमी म्हणून." ती थांबली. "चकचकीत कागद ओल पीत नाही, काका. पानं कुजतात त्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे जपलं असेल, फेकलं असेल, नाहीतर पोचलंच नसेल."

राइन्केनं हातातले खिळे खाली ठेवले. त्यानं ओटिलीला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं.

डेटलेफचं जहाज पुढं जावा बेटावरच्या बटाव्हिया बंदरात थांबणार होतं. तिथं धाडायचं सामान दुपारी बांधायला घेतलं, त्यात कोऱ्या टिपकागदाचा गठ्ठा होता. लिओनोरेचं नवं पत्र तयार होतं, पण पत्रांचं काय होतं ते तिनं सकाळीच पाहिलं होतं. तिनं गठ्ठ्याचा सगळ्यात वरचा कागद ओढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं:

"हा गठ्ठा जो कोणी सोडेल त्यानं वाचावं. झाडपाला गोळा करणारा डेटलेफ आलवार्ट जेवायचं विसरतो, ओल्या कपड्यांत बसून राहतो. एवढी मेहरबानी करा, जरा त्याच्यापाशी जाऊन बघा. चेहरा कसा दिसतो, हात कापतात का. आपल्याला मुलगी आहे हे त्याला ठाऊक आहे का, तेही विचारा. ठाऊक नसेल तर सांगा. पण त्याआधी त्याला खाली बसवा."