लेकाचं खातं

ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेल्या बायकोसाठी निवृत्त वायरमन टीव्हीवर इंटरनेटच्या मालिका दाखवणारा बॉक्स घ्यायला गेला. तीन प्रकारचे बॉक्स बघून गोंधळला आणि त्याने परगावच्या लेकाला फोन लावला.

"कुठलाही घ्या बाबा, माझंच खातं जोडा त्याला. इथे मरायलाही फुरसत नाही मला."

महिनाभर तो हेच सांगत होता. आईला बघायलाही फिरकला नव्हता.

घरी बॉक्स जोडताच लेकाने या महिन्यात बघून संपवलेल्या नऊ मालिका पडद्यावर ओळीने उभ्या राहिल्या.

"एवढं सगळं कुणी बघितलं हो?" बायकोने विचारलं.

"दुकानदाराने. चालवून बघितलं असेल."

तिने पडद्याच्या कोपऱ्यातलं लेकाचं नाव वाचलं.

"त्याला म्हणावं, डोळ्यांना जप. लहानपणापासून चष्मा आहे त्याला."