राजाची चाल

मलेशियातल्या केलांतानच्या त्या गावात मेक सेपियाने चाळीस वर्षं नाचनाट्यातला राजा केला. तिथे राजा नेहमी बाईच व्हायची. आता वरून हुकूम आला, बाईने पुरुषाचं काम करायचं नाही. मग तीन महिने ती रुस्ली नावाच्या पोराला राजाच्या कामासाठी घडवत बसली.

"राजा आहेस ना तू? मग बदकासारखा काय फेंगडतोस? गुडघे वाकव, पाठ ताठ ठेव, बोटं मागे वळव." चालून दाखवता दाखवता तिचे स्वतःचे गुडघे सुजले.

प्रयोग संपला. हुकूम काढणारे साहेब आत आले. त्यांनी रुस्लीची पाठ थोपटली आणि सेपियाकडे वळून म्हणाले,

"बघितलंत, मेक? याला म्हणतात पुरुषाची चाल. बाईला जमली असती का?"