ओतीव तोफ

"एकही सांधा न्हाई, जुन्या तोफांसारखी ओतीव हाय," वर्कशॉपात हौसेनं घडवलेल्या तोफेबद्दल गोरख साऱ्या राजुरीला सांगायचा. म्हणूनच शिवजयंतीला पोरांनी तिच्यात खरी दारू ठासली. पूजेचा मान त्याच्या बायकोला, हर्षालीला मिळाला. मिरवणूक तोफेभोवती दाटली. गोरख उगाच चाकं चाचपत होता, बाहीनं घाम पुसत होता. हर्षालीनं तोफेला कुंकू लावलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. तोफेसाठी बोअरवेलच्या पाइपाचे दोन तुकडे त्यानं वेल्डिंगनं जोडले, तेव्हा पाइप तिनंच धरला होता. मंडळाच्या अध्यक्षानं बत्ती पेटवली. तिनं पूजेचा अख्खा तांब्या बत्तीच्या छिद्रात रिकामा केला. दारू भिजली. "वहिनींनी पार वाटोळं केलं राव," अध्यक्ष चिडला. हर्षाली मान खाली घालून रिकामा तांब्या पदरानं पुसू लागली. मग गोरख उकिडवा बसला आणि सांधा दिसेपर्यंत नखानं रंग खरवडत राहिला.