सीलबंद सांधा

चाकाजवळचा सांधा सीलबंद आहे, त्यात ग्रीस भरता येत नाही, असं मेकॅनिकने बजावूनही गणिताच्या सरांनी रविवारी गाडीखाली आडवं होऊन, रबरी टोपीत इंजेक्शनची सुई खुपसून ग्रीस भरलंच. गल्लीच्या तोंडापासून ऐकू येणारी गाडीची कुरकुर एकदम बंद झाली.

घरातली कुरकुर मात्र त्यांच्या हाताबाहेरची होती. रोज संध्याकाळी ते घरात शिरायचे, तेव्हा आई आणि बायको हमरीतुमरीवर आलेल्या असायच्या. दोघींना शांत करता करता रात्रीचा स्वयंपाक सरांच्याच गळ्यात पडायचा.

सोमवारी सरांनी दार ढकललं, तर सासू-सून एकमेकींना टाळ्या देत खिदळत होत्या.



आई दचकून सुनेला म्हणाली, "अगं बाई, आला हा! गाडी वाजलीच कशी नाही? बघत काय बसलीस, भांड लवकर!"