ओइवाचं कुलूप

कुलूप ओइवाच्या नावाचं होतं आणि सकाळपासून तसंच होतं. नूराने पुन्हा आज्ञा दिली. पडद्यावर पुन्हा तेच उत्तर आलं: ओइवाचं काम चालू आहे, थांबा.

थांबायला वेळ कुठे होता? जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांची नोंदणी आज संध्याकाळच्या आत नव्या सर्व्हरवर जायची होती. नूराच्या नावावर पडलेलं हे पहिलंच मोठं काम. कुठले सर्व्हर हवेत, कसे हवेत, हे तिने महिनाभर खपून ओळीओळीने लिहून काढलं होतं. आता एक आज्ञा दिली की सगळं उभं राहणार. पण एकाच वेळी दोघांनी हात घातला तर सगळ्याचा विचका होतो. म्हणून जो आधी काम सुरू करतो त्याच्या नावाने आपोआप कुलूप लागतं आणि काम संपलं की सुटतं. ओइवाचं सुटत नव्हतं.

"विसरला असेल म्हातारा," ऑफिसात समोरच्या टेबलावरून यारी म्हणाला. "घरून काम करतोय ना? कॉफी प्यायला उठला असेल आणि तिथेच घोरत पडला असेल. तू तोड खुशाल."

तोडायची आज्ञा तिने लिहूनही ठेवली होती. एन्टर दाबायचं तेवढं बाकी होतं. अडलं होतं ते ओइवाच्याच नियमावर. पूर्वी कुणीतरी घाईघाईत दुसऱ्याचं कुलूप तोडलं, दोघांची कामं एकमेकांवर आदळली आणि अर्धी यंत्रणा पुसली गेली. तेव्हापासून ओइवाने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं: ज्याचं कुलूप, त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय हात लावायचा नाही. निरोप चालणार नाही, अंदाज तर नाहीच नाही. सगळे त्याची टिंगल करायचे. नूराही करायची.

आणि आता हा बाबा फोन उचलत नव्हता. तिने चिडून कोट चढवला.

"चाललीस कुठे?" यारीने विचारलं.

"त्याच्या तोंडून ऐकायला. आणि माझ्या तोंडून त्याला चार गोष्टी ऐकवायला."

ओइवा पुलापलीकडे एका इमारतीत वरच्या मजल्यावर एकटाच राहायचा. बर्फातून सायकल हाणताना नूरा मनातल्या मनात त्याची खरडपट्टी काढत होती. तिने घंटी वाजवली. दार ठोठावलं. मग दारावरची टपालाची फट उचकटून हाक मारली. आतल्या पायपुसण्यावर आजचं वर्तमानपत्र पडलं होतं तसंच होतं. तिने फोन लावला. तो आतच कुठेतरी वाजत राहिला.

तिचा सगळा राग एका क्षणात ओसरला. ती धावत खाली गेली आणि इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला घेऊन आली. त्याने आपल्या किल्लीने दार उघडलं.

ओइवा स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. डोळे उघडे, अर्धा चेहरा लोंबलेला. वर टेबलावर लॅपटॉप चालूच होता. पडद्यावर शेवटचा प्रश्न होता: पुढे जायचं का? ओइवा उत्तर लिहायच्या आधीच कोसळला होता.

देखभालवाल्याने रुग्णवाहिका बोलावली. नूरा ओइवाशेजारी बसली आणि त्याचा गारठलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला. आज शुक्रवार होता. तिने एन्टर दाबलं असतं तर काम वेळेत झालं असतं, यारीने पाठ थोपटली असती आणि सोमवारपर्यंत या दाराकडे कुणी फिरकलंही नसतं.

यारीचा फोन आला. "सापडला का गं? तोडू का मग?"

"हात लावू नकोस," एवढंच ती कशीबशी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

खाली रुग्णवाहिका येऊन थांबली. ओइवाचे ओठ हलले, एकाच बाजूने. त्याला पाणी हवं असेल असं वाटून नूराने कान जवळ नेला.

"काढ," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "कुलूप. माझ्या... तोंडून... ऐकलंस ना?"